एल्डिकामायला काही दिसलं नाही

मोर्न ताबाकच्या टेकडीवर एल्डिका जोसेफच्या घरात घंटेचा विषय कधी निघत नसे. नवरा एव्हरिस्ट कॅथलिक चर्चचा घंटावाला. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा असा दिवसातून तीनदा तो दोर ओढायचा, आणि गाव त्यावर आपली कामं लावायचं. एल्डिकाने बॅप्टिस्टांच्या प्रार्थनाघरात वीतभर उंचीची पितळी घंटा हलवली तर मात्र तो गुन्हा होता आणि त्यासाठी खालच्या ग्रांदे गावाहून पोलीस यायचे. नवराबायको एका छपराखाली अडतीस-एकोणचाळीस वर्षं राहिली. भांडण म्हणावं असं एकदाच झालं, तेही अळकुड्या कच्च्या राहिल्या म्हणून.

ही मंडळी स्वतःला बॅप्टिस्ट म्हणवत. बेटावरचं इंग्रज सरकार आणि उरलेलं गाव त्यांना शाउटर म्हणे, म्हणजे ओरडणारे. पवित्र आत्मा अंगात आला की ते ओरडत, हे खरंच होतं. एकोणीसशे सतरा साली त्यांच्यावर बंदी आली. पण प्रार्थना शाउटरांची की साध्या माणसांची हे पोलिसांनी ओळखायचं कसं? त्यासाठी खुणा ठरलेल्या होत्या. डोक्याला पांढरं फडकं, हातात पेटलेली मेणबत्ती, मधून मधून घंटा, जमिनीवर खडूच्या रेघा, अंग घुसळणं, ओरडणं आणि हातात फुलं. यातल्या तीन-चार गोष्टी एके ठिकाणी सापडल्या की काम भागायचं. त्या दिवसांत मोर्न ताबाकमध्ये लग्नातसुद्धा लोक फुलं जरा खाली धरत.

एल्डिका जन्माने कॅथलिक. तिला दोन मुलं होती, चार वर्षांची इनेझ आणि दीड वर्षाचा रूफस. एकोणतीस सालच्या डांग्या खोकल्यात दोन्ही गेली, अकरा दिवसांच्या अंतराने. फादर डॉनल दोन्ही वेळा चिखल तुडवत आले आणि जे म्हणायचं ते लॅटिनमध्ये नीट म्हणून गेले. एव्हरिस्टने दोन्ही वेळा घंटा वाजवली. पेट्या सिप्रियन सुताराने केल्या. दुसरी करताना त्याला माप विचारावं लागलं नाही, रूफसला तो रोज बघत असे.

त्यानंतर एल्डिकाचं बोलणं आटलं. हो, नाही, जेवायला ये, एवढे शब्द उरले. कोकोच्या मळ्यावरच्या साहेबाचे कपडे ती धुवायची, ते चालूच राहिलं. फक्त वार कळेनासे झाले, त्यामुळे एका रविवारी ती नदीवर चादरी आपटत बसली होती. वरच्या वाटेने बॅप्टिस्टांची माणसं गात खाली आली, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या तीन नव्या लोकांना बाप्तिस्म्यासाठी हाताला धरून. सिप्रियन सुतार पुढे होता. तो त्यांचा लीडर आहे हे गावाला माहीत होतं आणि माहीत नव्हतं.

"बाई, चादरी जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. "आम्हाला पाण्यात उतरायचंय."

तिने चादरी बाजूला घेतल्या आणि दगडावर बसून राहिली. पहिल्या माणसाला पाण्यात बुडवून वर काढलं तेव्हा काठावरची एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली. छाती बडवून, शेंबूड पुसायचीही फिकीर न करता. एल्डिका वाट बघत राहिली की आता हिला कोणी तरी गप्प करेल. कॅथलिक चर्चात अशा वेळी शेजारची बाई कोपराने ढोसायची. इथे कोणी ढोसलं नाही. म्हातारी पुरेसं रडली आणि मग सगळ्यांबरोबर गायला लागली. पुढच्या रविवारी एल्डिका चादरी न घेताच नदीवर गेली, आणि त्याच दगडावर बसून दोन तास रडली. तिलाही कोणी काही बोललं नाही.

महिन्याभराने तिने घरी सांगितलं, "मी पाण्यात उतरणार आहे."

एव्हरिस्ट सुरीने दोराचं टोक कापत होता. तो म्हणाला, "नदी चढलीय. पुढच्या आठवड्यात उतर."

फादर डॉनलना ते कळलं तेव्हा त्यांनी एव्हरिस्टला बोलावून घेतलं. घंटावाल्याच्याच बायकोने असं केलं तर बाकीच्यांनी काय समजायचं, घरच्या बाईला समज द्यायला हवी, असं बरंच बोलले. माणूस वाईट नव्हता. एव्हरिस्ट टोपी हातात धरून सगळं ऐकून आला आणि घरी येऊन म्हणाला, "फादरांनी तुला समजवायला सांगितलंय. समजावलं."

"बरं," एल्डिका म्हणाली.

फादरांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्याने, सांगितलंय, दोनदा सांगितलंय, असं उत्तर दिलं. त्यात खोटं काही नव्हतं. फादरांनी पुढे नाद सोडला. घंटा वेळेवर वाजत होती, आणि मोर्न ताबाकमध्ये वेळ पाळणारा दुसरा माणूस मिळाला नसता.

बॅप्टिस्टांमध्ये पाण्यात उतरल्यावर पुढची पायरी म्हणजे शोकाला बसणं. प्रार्थनाघराच्या मागे एक छोटी मातीच्या जमिनीची खोली असते. तिथे डोळ्यांवर पट्ट्या बांधून सात दिवस पडून राहायचं, थोडं पाणी, त्याहून थोडं अन्न, आणि अखंड प्रार्थना. शरीर जमिनीवर असतं आणि आत्मा प्रवासाला जातो. कोणी यरुशलेमला जाऊन येतं, कोणी आफ्रिकेत, कोणी हिंदुस्थानात, कोणी चीनमध्ये. तिथे काय दिसलं ते आठव्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. त्यावरून मंडळीत तुमचं काम ठरतं आणि डोक्याच्या फडक्याचा रंगही.

एल्डिका एकतीस साली बसली. आठव्या दिवशी उभी राहून तिने सांगितलं की ती ग्रांदेच्या रेल्वे स्टेशनपर्यंत गेली होती.

लोक थांबले. सिप्रियनने पुढे काय झालं म्हणून विचारलं.

"पुढे काही नाही. गाडी यायची होती. मी बाकावर बसले होते. मग शेजारी कोणी तरी येऊन बसलं. मी वळून बघितलं नाही. पण बाकाची फळी कशी दबते ना शेजारी माणूस बसला की, तशी दबली. तेवढ्यात तुम्ही पट्टी सोडली."

ग्रांदे म्हणजे सहा मैल. तिथे तर लोक मीठ आणायलाही जायचे. पाठीमागे एक-दोघांना हसू आवरेना. सिप्रियनने मात्र डोकं हलवलं. हिला वाट बघण्याचं काम मिळालंय, असं त्याने जाहीर केलं आणि तिला निळं फडकं दिलं. तेव्हापासून ती दारापाशी बसू लागली आणि लोक तिला एल्डिकामाय म्हणू लागले. शेजारची फळी दबल्यासारखं तिला वारंवार वाटायचं. गाताना, कपडे पिळताना, कधी चुलीपुढे. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. पण चार-पाच शब्दांवर आलेली बाई पुन्हा पूर्ण वाक्यं बोलायला लागली, हे एव्हरिस्टच्या ध्यानात आलं होतं.

सदतीस साली धाड पडली. कॉर्पोरल ब्रॅथवेट हा शेजारच्या बार्बाडोस बेटाचा माणूस, अँग्लिकन, बूट आरशासारखे. त्याने दारात बसलेल्या एल्डिकाला सर्वांत आधी पकडलं. तिच्या हातात घंटा होती, डोक्याला फडकं होतं आणि मांडीवर जास्वंदीची तीन फुलं. तिघांच्या वाटचा पुरावा एकीकडेच. सुग्रीमच्या दुकानातून आणलेला पितळी लोटाही कॉर्पोरलने जप्त केला, कारण त्यात पाणी होतं आणि पाण्यात पानं होती. दंड भरण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून तिने महिना शहरातल्या तुरुंगात काढायचा असं ठरलं. एव्हरिस्टने ग्रांदेच्या स्टेशनावर तिला भाजलेला खारा मासा आणि जाड रोटीची पुरचुंडी दिली. गाडी सुटताना तो म्हणाला, "कोंबड्यांचं बघतो मी." तो एवढंच बोलला आणि बाराच्या घंटेपर्यंत टेकडीवर परत पोचला.

तुरुंगात तिचं फडकं काढून घेतलं. घंटा नाही, मेणबत्ती नाही, गाणं म्हटलं की वॉर्डरीण काठीने गज वाजवायची. कोठडीत बरोबर एक बाई होती, दिराला भोसकून आलेली, अतिशय शांत स्वभावाची. एल्डिकाला धुलाईवर घातलं. दिवसभर ओल्या जड चादरी पिळायच्या. पिळताना दम लागतो, आत घेतलेला श्वास छातीतून हुंकारत बाहेर पडतो. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हा श्वास एका तालात चाललाय आणि ती प्रार्थना करतेय. शेजारची फळी दबली. तिथे बाक नव्हता, तरी दबली.

परत आल्यावर ती सिप्रियनला म्हणाली, "लीडर, घंटेवाचून अडत नाही. फुलांवाचूनही नाही. आपण नुसता श्वास घेऊ."

सिप्रियनला हे पटायला वेळ लागला. तो घंटेवर वाढलेला माणूस. पण मंडळीतली निम्मी माणसं धाडींना कंटाळली होती, म्हणून करून बघायचं ठरलं. करून बघताना असं झालं की बावीस माणसांनी एका तालात श्वास घेतला, छातीतून हुं काढत सोडला, की पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. ढोल नको, काही नको. वर्षभरात कोणाला घंटेची आठवणही होईना.

चाळीस सालच्या एका दुपारी कॉर्पोरल ब्रॅथवेट पुन्हा आला. दार उघडंच होतं. आत बावीस माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, डोकी उघडी, जमीन स्वच्छ झाडलेली.

"काय चाललंय इथे?" त्याने विचारलं.

"श्वास घेतोय, कॉर्पोरलसाहेब," एल्डिका म्हणाली.

"सगळे मिळून?"

"एरवी वेगवेगळा घेतो. आज मिळून घेतोय."

कॉर्पोरल कर्तव्याला पक्का होता. तो मागच्या बाकावर अर्धा तास बसला, सगळं वहीत उतरवलं आणि खटला भरला. ग्रांदेच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने खुणांची यादी एक एक करून विचारली. घंटा नव्हती. फुलं नव्हती. मेणबत्ती, खडू, फडकं, काहीच नव्हतं.

"मग ते करत काय होते?"

"श्वास घेत होते, सर. मोठ्याने."

"किती मोठ्याने?"

"बाहेर आंब्याखाली ऐकू येत होता, सर."

मॅजिस्ट्रेटला स्वतःला दमा होता. त्याने टाक खाली ठेवला आणि कायद्यात श्वासाविषयी काही नाही असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. कॉर्पोरलने सलाम ठोकला. त्याने जप्त केलेला लोटा परत द्यायचा राहून गेला होता, तो पुढच्या आठवड्यात स्वतः आणून दिला, राखेने घासून.

अशी अकरा वर्षं गेली. मग एकावन्न सालच्या मार्चमध्ये बातमी आली की कायदा रद्द झाला. सुग्रीमच्या दुकानात रेडिओ होता, लोक तिथून धावत टेकडी चढले. सिप्रियनला तोवर डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. तो खाटेवर उठून बसला आणि त्याने पुतण्याला माळ्यावरची घंटा काढायला लावली. हा पुतण्या नथॅनियल, तिशीचा, आवाज खणखणीत. पुढचा लीडर तोच होणार हे ठरल्यासारखंच होतं. त्या रविवारी त्याने घंटा वाजवली, शंभरावर माणूस जमला, बायकांनी कणगीतून पांढरी फडकी काढली. तीसचाळीस वर्षांचं ओरडणं साचलेलं होतं, ते सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. खालच्या चर्चात एव्हरिस्टची बाराची घंटा त्यात कुणाला ऐकूच गेली नाही. त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही, फक्त जेवताना म्हणाला की आज वारा तुमच्या बाजूने होता.

एल्डिका दाराशी बसली होती. सगळे रडत होते, तीही रडली. आनंदाने रडतेय असंच तिला वाटलं. दुसऱ्या रविवारी ती बसली आणि फळी दबण्याची वाट बघू लागली. दबली नाही. तिसऱ्या रविवारीही नाही. गर्दी आहे म्हणून असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग ती नदीवर एकटी बसून बघू लागली, चादरी पिळताना श्वास मोजून बघू लागली, चुलीपुढे बसून राहू लागली. काही नाही. दगड दगड होता आणि चादर चादर.

हे सात-आठ महिने चाललं. या काळात गावात चांगल्याच गोष्टी घडत होत्या. प्रार्थनाघरावर नवा पत्रा चढला. बाहेरगावची माणसं येऊ लागली. तुरुंग भोगलेली माय म्हणून लोक येऊन एल्डिकाच्या हाताला हात लावून जायचे, लेकरांना दाखवायचे. ती हात पुढे करायची. आपण फसवाफसवी करतोय असं तिला वाटायचं, पण हात मागे घेतला तर कारण सांगावं लागलं असतं.

शेवटी ती सिप्रियनच्या खाटेपाशी गेली. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाली, "लीडर, देव मला जाणवत नाही आता."

"कधीपासून?"

"मोकळं झालो तेव्हापासून."

 जमलं तर पुन्हा एकदा शोकाला बस, एवढंच आंधळ्या सिप्रियनने सुचवलं. वय झालं होतं, गुडघे धरत होते, पण ती बसली. बावन्न साल, जानेवारी. नथॅनियलने पट्ट्या बांधल्या. सात दिवस ती मातीवर पडून होती. प्रार्थना करत होती, पाठ दुखत होती, शेजारच्या झाडावर कोणता पक्षी किती वाजता ओरडतो ते तिला कळून चुकलं होतं. इनेझ दिसेल असं तिला आतून वाटलं होतं. नुसता रूफसचा खोकला ऐकू आला असता तरी चाललं असतं. तेही झालं नाही.

आठव्या दिवशी प्रार्थनाघर भरलं. तुरुंगात गेलेल्या मायची साक्ष म्हणजे काय, तीन गावांची माणसं आली होती. तिच्या आधी दोघांच्या साक्षी झाल्या. एकजण आफ्रिकेत राजाच्या पंक्तीला जेवून आला होता. एक बाई हिंदुस्थानात हत्तीवरून फिरली होती. मग नथॅनियलने घंटा वाजवून एल्डिकामायला पुढे बोलावलं.

ती उभी राहिली. "मला काही दिसलं नाही," ती म्हणाली.

कोणीतरी "हालेलूया" म्हणालं, सवयीने.

"सात दिवस काळोख होता. मी प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. संपलं." आणि ती जाऊन दारापाशी आपल्या जागेवर बसली.

अशी साक्ष मोर्न ताबाकमध्ये कोणी दिली नव्हती. नथॅनियलने घाईघाईने गाणं सुरू केलं, पण ते काही उचललं गेलं नाही. बाहेर पडताना बायकांमध्ये कुजबुज झाली. घरात कॅथलिक नवरा, त्याचीच बाधा, असं एक मत पडलं. काहीतरी पाप लपवलं असणार, असं दुसरं. जिने हत्तीवरून फेरी मारली होती ती सर्वांत जास्त रागावली होती. नथॅनियलने एल्डिकाला बाजूला घेऊन समजावलं की माय, निदान काहीतरी सांगायचं, लोक आशेने येतात.

"काहीतरी म्हणजे काय सांगायचं?" तिने विचारलं.

तो बाक सरळ करायला लागला.

घरी एव्हरिस्ट तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. बातमी आधीच त्याच्या कानावर आली होती. एल्डिका समोर बसली आणि तिनेही शेंगा घेतल्या. चार शेंगा सोलून ती म्हणाली की आता तिकडे जाण्यात अर्थ नाही. वीस वर्षं ज्याच्यासाठी गेले तो काही आता येत नाही. तिथे बसून मी करू काय?

एव्हरिस्टने हातातली शेंग संपवली. "मला तर कधीच काही वाटलं नाही," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"घंटा वाजवताना. फादर म्हणायचे, मन भरून येतं का रे. म्हटलं हो. कसलं काय. तीस वर्षं झाली. सहा वाजतात, मी वाजवतो."

 एका घरात राहून हे तिला माहीत नव्हतं.

"मुलं गेली तेव्हा पण?"

"तेव्हा हात दुखत होते," एव्हरिस्ट म्हणाला. पुढची शेंग उचलून म्हणाला, "पण वाजवायचं सोडलं असतं ना एल्डी, तर मग मी काय केलं असतं मला माहीत नाही."

त्यांच्यात या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच. शेंगा सोलून झाल्या. संध्याकाळ होत आली, तसा तो उठून चर्चकडे गेला.

पुढच्या रविवारी एल्डिका प्रार्थनाघरात गेली आणि दाराशी बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही. काही वाटत नव्हतं. ती गात होती, श्वास घेत होती, नव्या लोकांना पाणी देत होती आणि परत येत होती. अंगात आलेला माणूस भिंतीवर आपटू नये म्हणून त्याला धरणं हे दारावरच्या माणसाचं काम असतं. ते ती पूर्वीपेक्षा चांगलं करू लागली, कारण आता तिचं लक्ष पूर्ण त्याच्यावर असे.

दोन-तीन महिन्यांनी एका सोमवारी हत्तीवाली बाई नदीवर आली. तिचं नाव व्हिटलिन. इकडचं तिकडचं बोलली, बेडूक फार झालेत म्हणाली. मग म्हणाली, "माय, हत्तीचं खरं नाहीये."

एल्डिका चादर पाण्यातून काढत होती. "दुसरं टोक धर," ती म्हणाली.

दोघींनी मिळून चादर पिळली. व्हिटलिनने सांगितलं की तिलाही सात दिवस काळोखच होता. हत्ती तिने सुग्रीमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर बघितला होता.  सांगायला एल्डिकाकडे काही नव्हतंच. चादर पिळून झाली तसं तिने पुढची काढली.

त्यानंतर कोणी ना कोणी यायला लागलं. सगळे एकेकटेच, आणि सगळ्यांना नदीवर दुसरंच काही काम असायचं. एकाला पूर्वी दिसायचं, आता दिसत नव्हतं. एकीला कधीच दिसलं नव्हतं आणि ती सतरा वर्षं हिरवं फडकं बांधत होती. एक कॅथलिक बाईसुद्धा आली. तिला घरी कळू द्यायचं नव्हतं. एल्डिका सगळ्यांना चादरीचं टोक द्यायची. साहेबाच्या घरचे कपडे त्या वर्षांत फार लवकर वाळायचे, असं साहेबाच्या स्वयंपाकिणीचं म्हणणं.

छप्पन साली नथॅनियल आला. तोवर सिप्रियन वारला होता आणि नथॅनियल लीडर होऊन चार वर्षं झाली होती. चांगले बूट घालून आला होता, ते काढून त्याने दगडावर ठेवले.

"माय, माझा जो प्रवास होता ना," तो म्हणाला, "तो मी थोडा वाढवून सांगितला होता."

"थोडा?"

"चीनपर्यंत."

"आणि खरा कुठपर्यंत होता?"

नथॅनियल पाण्याकडे बघत म्हणाला, "दारापर्यंत. मला दार दिसलं होतं. उघडायच्या आत जाग आली."

"दार पण बरंच आहे," एल्डिका म्हणाली आणि त्याला टोक दिलं. त्याचे हात दणकट होते. त्या दिवशी चादरी दुपारच्या आत संपल्या. तिने त्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही. ती गावाला कळली ती त्याने स्वतः पुढे एका साक्षीच्या दिवशी उभं राहून सांगितली म्हणून. त्या दिवशीही गाणं नीट उचललं गेलं नाही. पण त्यानंतर मोर्न ताबाकच्या साक्षी जवळच्या ठिकाणांच्या होत गेल्या. कोणी ग्रांदेपर्यंत, कोणी शेजारच्या मळ्यापर्यंत, आणि वर्षाकाठी दोघे-तिघे कुठेच नाही. बाहेरगावची माणसं त्याला कमी दर्जाची मंडळी म्हणत.

एव्हरिस्ट एकसष्ट साली पक्षाघाताने गेला, तीन दिवसांत. शेवटच्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं, पण उजवा हात चादरीवर सारखा वरखाली होत होता. ते काय आहे हे डॉक्टरला कळलं नाही आणि एल्डिकाने सांगितलं नाही. त्याला कॅथलिक रीतीने पुरलं. नव्या फादरने बॅप्टिस्टांना दफनभूमीच्या आत उभं राहू दिलं, मागच्या भिंतीपाशी. लॅटिन चालू असताना मागून बावीस-पंचवीस माणसांचा एका तालातला श्वास ऐकू येत होता. फादरने एकदा मान वर करून बघितलं आणि पुढे वाचत राहिला.

त्यानंतर एल्डिका तेरा वर्षं जगली. कपडे धुण्याचं काम सुटलं. साहेब गेला, मळा गेला, गावात नळ आला. ती परसात कसावा लावायची. व्हिटलिनची नात लोरेटा शाळामास्तरीण झाली होती आणि तिला प्रश्न विचारायची सवय होती. एकदा कसावा खणताना तिने सरळच विचारून टाकलं की माय, ते तुमचं शेजारी बसणं पुन्हा कधी झालं का?

"झालं की. दोनदा," एल्डिका म्हणाली. "एकदा बसमध्ये. एकदा मंगळवारी, इथेच."

"बावीस वर्षांत दोनदा?"

"हो."

"मग बाकीचे दिवस?"

एल्डिकाने कंद वर काढला, माती झटकली. "बाकीचे दिवस मी जातच होते की," ती म्हणाली, आणि पुढचं झाड कुजलंय का ते बघायला लोरेटाकडे फावडं मागितलं. ते कुजलेलं होतं. त्याच्या पलीकडचं चांगलं निघालं.